बंदरावर उतरलेला माणूस

‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात आले १९८० साली. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ त्याआधी एकेचाळीस वर्षे, १९३९मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून चक्रधर विध्वंसला आज कुणी रुग्ण ठरवले तर काळाचा मुद्दा काढून त्याला अडवता येणार नाही. दुखणे नावाच्या आधीपासूनच असते. (विध्वंस हे आडनाव बेडेकरांनी सहज ठेवले असेल असे वाटत नाही.) माझा आक्षेप निराळा आहे. रुग्ण म्हटले की चक्रधर फार स्वस्तात सुटतो.

युरोपातून निघालेल्या बोटीवर त्याला हॅर्टा भेटते. ती जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. मुंबईला तो उतरतो, ती उतरू शकत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते आणि वाटेत ती समुद्रात जीव देते. मागे उरतो तो, आणि त्याच्या आठवणी.

मागे उरलेल्याची ही व्यथा वैद्यकाला प्रथम ठळकपणे दिसली ती ज्यूंमध्येच. १९६०च्या दशकात विल्यम नीडरलँड या मनोविश्लेषकाने छळछावण्यांतून वाचलेल्यांविषयी लिहिले. ज्यांनी काहीच केले नव्हते, त्यांनाच आपण अपराधी आहोत असे वाटत होते.

आम्हा अणदूरकरांना हे समजायला पुस्तक लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूरची दगडमातीची घरे बसली. त्या पट्ट्यातली एखादी आई अजून स्वतःलाच विचारते, की लेकराला त्या रात्री मी माळवदाखाली का निजवलं? अंगणात का नाही? तिचा काडीचा दोष नाही. तरी दोष स्वतःकडे घेतला की निदान एवढे तरी वाटते, की आपल्या हातात काही होते. जमीन उगाचच हलली, हे सोसणे त्याहून कठीण. अशा बाईला ‘तुझी चूक नव्हती’ हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, आणि ते खरेही असते.

चक्रधरला तसे सांगता येईल का? अर्धेच. नाझी राजवट, बंदरावरचे कायदे, येऊ घातलेले युद्ध यांपैकी काहीही त्याच्या हातात नव्हते. ‘रणांगण’ला युद्धाने चिरडलेली प्रेमकथा म्हणणारे वाचक या अर्ध्यावर थांबतात. पण प्रेमभंगाने कडवट झालेला हा माणूस सुरुवातीला हॅर्टाकडे प्रवासातली करमणूक म्हणूनच बघतो. हिटलरने त्याला ते करायला लावलेले नव्हते. तिच्यासाठी ज्याचा शेवट मरणात झाला, त्याची सुरुवात त्याच्यासाठी खेळ होती. ही बोच उपचाराने जावी असे मला वाटत नाही. ती गेली तर चक्रधरमध्ये उरेल काय?

बेडेकर हे दोन अपराध, खोटा आणि खरा, वेगळे करून देत नाहीत. कादंबरी चक्रधरच्याच तोंडून येते. आरोपी तोच, साक्षीदारही तोच. घर, देश, माणसे गमावली ती हॅर्टाने. थोरला आघात तिचा. पण तो आपल्यापर्यंत पोचतो याच्या शब्दांत, याच्या पश्चात्तापातून गाळून. तिच्यावर काय गुदरले हे विचारायला जावे, तर पुन्हा हाच बोलू लागतो.