पी. के. रोझी आणि पडद्यावरची जात

पडद्यावर स्त्री कशी आली, ही हकिगत आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही, तारामतीचे काम साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या व कोंडी फुटली. कोंडी फुटली हे खरे, पण कोणासाठी फुटली, हे आमचे चित्रपटसमीक्षक विचारीत नाहीत.

त्रावणकोरात जे. सी. डॅनियल यांनी 'विगतकुमारन' हा मल्याळम् मुलखातील पहिला मूकपट काढला. त्याच्या प्रदर्शनाचे साल कोणी १९२८ देतात, कोणी १९३०. त्याची नायिका पी. के. रोझी ही पुलया या अस्पृश्य जातीतली, मजुरी करणारी. पण ती केवळ मजूर नव्हती. काक्कारश्शी या लोकनाट्यात ती काम करीत असे. म्हणजे कला तिच्या अंगात मुरलेली होती, ती कोणी कॅमेऱ्यासमोर आणून दिलेली नव्हती. (तमाशाच्या मुलखातल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको.)

तिला भूमिका मिळाली ती सरोजिनी या नायर स्त्रीची. इथेच सारे बिघडले. त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरात पहिला खेळ झाला, तेव्हा प्रतिष्ठितांच्या रोषामुळे नायिकेलाच आत प्रवेश नव्हता. नायक तिच्या केसांतल्या फुलाचे चुंबन घेतो, या दृश्यावर प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड आले. पुढे तिचे घर जाळले गेले, एका लॉरीतून ती नागरकोइलकडे पळाली आणि त्या लॉरीच्या नायर चालकाशी लग्न करून राजम्मल या नावाने उरलेले आयुष्य काढले, असे सांगितले जाते. म्हणजे पडद्यावर तासभर नायर झाली म्हणून जिला हाकलले, तिला जगण्यासाठी नायराच्या घरातच दडावे लागले!

हा राग स्त्रीने नटण्याचा होता, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. त्रावणकोरात वस्त्र आणि दागिना हीच जात होती. तिथल्या नाडार स्त्रियांना छाती झाकण्यासाठी एकोणिसाव्या शतकात लढावे लागले. १९१५ साली अय्यंकाळींच्या चळवळीत पुलया स्त्रियांनी गळ्यातल्या दगडी माळा, त्या जातीच्या खुणा, भरसभेत तोडून टाकल्या. रोझीने सरोजिनीची वस्त्रे नेसली ती त्याच मुलखात, काही वर्षांनीच. माळ टाकणे कसेबसे सहन झाले असेल. नायर स्त्रीचे वस्त्र अंगावर घेणे सहन झाले नाही.

आता याच्या शेजारी १९३६चा 'अछूत कन्या' ठेवून पाहा. मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, रवींद्रनाथांच्या नात्यातली देविकाराणी अस्पृश्य कस्तुरी झाली. कोणाचे घर जळले नाही; उलट तो चित्रपट सुधारणेचा नमुना म्हणून अजून मिरवला जातो. १९५९ साली 'सुजाता'त नूतन तेच करते. सवर्णाने अस्पृश्य होणे हा अभिनय, आणि अस्पृश्याने सवर्ण होणे हा गुन्हा! अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, असे आम्ही वर्गात शिकवतो; तो प्रवेश एकाच दिशेने खुला आहे, हे पाठ्यपुस्तकात नाही.

रोझीच्या आठवणीचेही असेच झाले. १९९२ पासून केरळ सरकार डॅनियल यांच्या नावाने पुरस्कार देते. डॅनियल स्वतः नाडार ख्रिस्ती, चित्रपटासाठी जमीन विकून बसलेले, त्यांचा मान योग्यच आहे. पण २०१३च्या कमल यांच्या 'सेल्युलॉइड' या चित्रपटात रोझी मधेच निघून जाते आणि कथा डॅनियल यांच्याच दुःखाची होते. भेदरलेली, उपकाराने दबलेली अशी ती तिथे दिसते. लोकनाट्याच्या रिंगणात उभी राहणारी बाई इतकी दबलेली असेल, हे मला पटत नाही. तिच्या नावाची फिल्म सोसायटी निघाली ती २०१९ साली, तीही चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांनी काढली. नंतर मद्रासेकडे पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने तिच्या नावाने महोत्सव सुरू केला.

'विगतकुमारन'ची प्रत आज शिल्लक नाही. देविकाराणीच्या डोळ्यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिता येतात. रोझीने ते फूल केसांत कसे माळले होते, यावर समीक्षकाला एक ओळ लिहिता येत नाही.