हेरञ्ञिकाची दृष्टी आणि रोमन नाणी

आपल्याकडील बौद्ध लेण्यांविषयीच्या लेखनात एक समीकरण रूढ झाले आहे. कार्ल्याच्या स्तंभांवर यवन दात्यांचे लेख आहेत, दख्खनचा रोमशी व्यापार होता. म्हणून या परिसरातील झिजलेले तांब्याचे नाणे रोमन आणि दाताही रोमन! हे अनुमान तपासून घेतले पाहिजे.

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'च्या चौदाव्या परिच्छेदात सञ्ञा, विञ्ञाण व पञ्ञा यांतील भेद नाण्यांच्या राशीच्या दृष्टान्ताने स्पष्ट केला आहे. अजाण बालकाला नाण्याचा आकार व रंग तेवढा कळतो. ग्रामीण मनुष्य त्याचे व्यवहारातील मोलही जाणतो. खऱ्याखोट्याचा निवाडा मात्र हेरञ्ञिक, म्हणजे सराफच, करतो. पाहून, नाद ऐकून, वास व चव घेऊन आणि हाताने तोलून ते कोठे व कोणी घडविले हेही तो सांगतो.

रोमन नाण्यांना ही कसोटी लावून पाहावी. ज्यांना आपण सरसकट 'कांस्य' म्हणतो त्यांपैकी सेस्टर्शियस व दुपोंडियस ही पहिल्या शतकात पितळेची, तर आस तांब्याचे असे. दुपोंडियस व आस आकाराने जवळजवळ सारखेच. नीरोच्या काळापासून दुपोंडियसवर बहुधा सम्राटाचा किरणमुकुट दिसतो. तो झिजला की धातूचा रंग व वजन हाच आधार उरतो. चौथ्या शतकातील लहान नाण्यांवर मागील बाजूच्या तळाशी टांकसाळीची अक्षरे असतात. ती वाचल्याविना केवळ मुखाकृतीवरून सम्राट ठरविणे ही बालकाची सञ्ञा होय.

या लहान नाण्यांचे मोठे साठे तामिळनाडूत व श्रीलंकेत मिळाले आहेत; श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक अनुकृतीही घडविल्या गेल्या. बुद्धघोषांनी पाचव्या शतकात अनुराधपुराच्या महाविहारात ग्रंथरचना केली, ती याच भूमीत. त्यांच्या दृष्टान्तातील नाणी कार्षापणे आहेत, रोमन नव्हेत. तरी नाणे कोठे घडले हा प्रश्न तेथे केवळ शास्त्रीय नव्हता.

रोमशी संपर्क होता, हे कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती सांगतेच. परंतु वस्तू आली म्हणजे माणूस आला असे नव्हे. कार्ल्याचा यवन दाता सिहधय हा धेनुकाकटचा, आणि त्याचे नाव भारतीय वळणाचे आहे. नाशिकच्या उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापणे, असा दर येतो. त्या 'सुवर्णा'स कोणी कुषाण म्हटले, कोणी रोमन. लेखात मात्र त्या सुवर्णाला असे कोणतेही विशेषण लावलेले नाही.

आज हिंजवडीतील संगणकावर नाण्याचे चित्र क्षणात जुळविता येते. पण त्या चित्राला वजन नाही, नाद नाही. कार्ल्याच्या स्तंभावर जे नाव कोरले आहे, ते त्या उपासकाने स्वतःविषयी ठेवलेले एकमेव साक्ष्य आहे. संशयित नाण्याच्या बळावर ते बदलणे हा त्याच्या दानावर अन्याय होईल.