युडीकोलनचे गाव

तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर युडीकोलनची घडी ठेवणाऱ्या आज्यांना, आपण एका जर्मन शहराचे नाव घेत आहोत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ऱ्हाइनकाठच्या या वस्तीला रोमनांनी इ.स. ५० मध्ये ‘कोलोनिया’चा, म्हणजे वसाहतीचा दर्जा दिला. जर्मन तोंडात त्याचे ‘क्योल्न’ झाले, फ्रेंच तोंडात ‘कोलोन्य’. इंग्रजीने फ्रेंच रूप उचलले आणि ते आपल्याकडे बाटलीवरून आले. तेव्हा ‘कोलोन’ हा इंग्रजांनी केलेला अपभ्रंश, हा समज टिकत नाही. लॅटिन मुळाला तेच रूप अधिक जवळचे आहे. खुद्द जर्मन लेखनही कुठे स्थिर होते? अधिकृत कागदोपत्री हे नाव १९१९ पर्यंत ‘सी’ने सुरू होई, ‘के’ त्या वर्षी ठरला.

म्युनिकची गोष्ट याच वळणाची. ११५८ च्या दस्तऐवजात ‘मुनिखेन’ असे रूप आढळते. पुढे जर्मनमध्ये आधीचा स्वर बदलला, मधला ‘इ’ गळाला आणि ‘म्युन्शन’ झाले. इंग्रजीत तो ‘इ’ अजून नांदतो आहे. हॅनोव्हरची बाजू मात्र मला घेता येत नाही. ज्या घराण्याने १७१४ पासून राजे पुरवले, त्याच्या गावाच्या ‘हानोफर’ या नावातला ‘नो’वरचा आघात इंग्रजांनी खुशाल पहिल्या अक्षरावर नेला. अर्थात मिलानोला ‘मायलांड’ म्हणणारे जर्मनही काही सोवळे नव्हेत.

खरी तक्रार आपल्याबद्दल आहे. जर्मन ‘झेड’चा उच्चार आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’सारखा. मराठी जिभेला तो जन्मतः येतो, तरी आपण ‘साल्झबर्ग’ लिहितो. मादाम कामांनी १९०७ मध्ये ध्वज फडकवला ते शहर ‘श्टुटगार्ट’; आपले ‘स्टुटगार्ट’ अर्धे जर्मन, अर्धे इंग्रजी.

१९३८ च्या ‘म्युनिक करारा’ला हात लावू नये; ती रूढी आता इतिहासाची आहे. पण थेट जर्मनमधून केलेल्या अनुवादात तिथलाच रहिवासी आपल्या गावाला ‘म्युनिक’ म्हणू लागला की कानाला खटकते. अनुवादकाने मूळ भाषा शिकण्याचे कष्ट घेतलेले असतात. नावे तेवढी इंग्रजी नकाशावरून घेतलेली. ‘क्योल्न’मधला स्वर देवनागरीत नीट मावत नाही, ही सबब ‘साल्त्सबुर्ग’ला लागू पडत नाही.