मळसूत्र आणि आटे : अंतराळातील श्रम व मराठी विज्ञानकथा

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे आले, आणि इतकी वर्षे ओसरीवर बसविलेली विज्ञानकथा मराठी साहित्याच्या माजघरात आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविणाऱ्या लेखकाचा हा गौरव यथोचितच होता. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. आता त्यांच्या परंपरेचे मूल्यमापन करताना केवळ आदर पुरेसा होणार नाही. या कथेत विश्व पुष्कळ आहे. परंतु त्या विश्वात हातांनी काम करणारा माणूस कोठे आहे, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

‘धूमकेतू’मध्ये संकटाचा शोध हौशी खगोलनिरीक्षकास लागतो, आणि त्याच्या निवारणाचा विचार शास्त्रज्ञ करतात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये विज्ञानातील एक कल्पना क्रिकेटच्या मैदानापर्यंत मोठ्या गमतीने येते. लक्ष्मण लोंढे यांच्या गाजलेल्या कथेचे ‘दुसरा आइन्स्टाईन’ हे नावच बोलके आहे. या कथांत विज्ञान म्हणजे ज्ञान होय. ते कोणास तरी उमगते व तो ते इतरांस समजावून सांगतो. म्हणून संवादास वारंवार व्याख्यानाचे वळण लागते. हा लेखकांच्या प्रतिभेचा दोष नव्हे. विज्ञानप्रसाराचे व्रत घेतलेल्या वाङ्मयप्रकाराची ती प्रकृती आहे.

तुलनेसाठी ‘प्लॅनेटीस’ ही जपानी चलच्चित्रमालिका उपयोगी पडेल. मूळ चित्रकथा माकोतो युकिमुरा यांची. तिच्यावर आधारलेली, गोरो तानिगुची यांनी दिग्दर्शित केलेली सव्वीस भागांची मालिका २००३-०४ मध्ये जपानमध्ये प्रसारित झाली. काळ २०७५ चा. नायक-नायिका शास्त्रज्ञ नाहीत, सेनानी नाहीत. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा गोळा करणाऱ्या एका कंपनीचे ते पगारी नोकर आहेत. त्यांच्या खात्यास सहकारी ‘अर्धे खाते’ म्हणून हिणवतात, कारण माणसे अपुरी, पैसा अपुरा आणि कंपनीस नफा नाही. नोकरीत मृत्युपत्र लिहून ठेवावे लागते. जहाजावरील एका बाईची मोठी तळमळ एक सिगारेट निवांतपणे ओढावयास मिळावी एवढीच आहे.

मालिकेचे वास्तव यंत्रांच्या बिनचूक रेखाटनात आहे असे समजणे चुकीचे ठरेल. रेखाटन बिनचूक आहेच. खरे वास्तव असे की भौतिकीचा प्रत्येक नियम येथे कोणाच्या तरी अंगावर येऊन आदळतो. निर्वात पोकळीत ध्वनी पोचत नाही, हे कोणी शिकवीत नाही. धडक निःशब्द होते, एवढेच. चंद्रावर वाढलेली बारा वर्षांची मुलगी प्रौढ बाईएवढी उंच दिसते आणि अल्प गुरुत्वाचा परिणाम प्रेक्षकास व्याख्येवाचून कळतो. यूरी या कर्मचाऱ्याची पत्नी प्रवासी यानातील अपघातात मेली; कारण एक भरकटलेला स्क्रू. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तूचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो, त्यामुळे बोटाएवढा स्क्रूही पुरेसा होतो. यूरी कचरा वेचण्याच्या नोकरीत राहतो तो त्या कचऱ्यात पत्नीचे होकायंत्र सापडेल म्हणून.

ही कल्पना निराधार नव्हती. कचऱ्याच्या टकरींतून अधिक कचरा निर्माण होण्याची मालिका डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडली होती. चित्रमालिका संपल्यावर पाच वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ रोजी, इरिडियम ३३ आणि निकामी झालेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह खरोखर एकमेकांवर आदळले. २७ मार्च २०१९ रोजी भारतानेही क्षेपणास्त्राने स्वतःचा उपग्रह फोडून या राशीत भर घातली.

येथे भाषाभ्यासकाने त्या स्क्रूपाशी थांबावे. मराठीत त्याचे नाव काय? कोशात ‘मळसूत्र’ आहे, सुंदर व जुना शब्द. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मात्र स्क्रू असतो, त्याला ‘आटे’ असतात, ते ‘पाडतात’, आणि जोर जास्त झाला की ‘आटे जातात’. १९६४ साली स्थापन झालेल्या ओझरच्या विमानकारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने घडली. तेथील कामगारांच्या बोलण्यात पाना, पाळी, हजेरी, खाडा हे शब्द सहज येतात. म्हणजे ज्ञानाची मराठी आणि कामाची मराठी एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात, पण एकमेकींच्या घरी जात नाहीत. विज्ञानकथेने पहिलीच भाषा उचलली. ‘कक्षा’, ‘गुरुत्वाकर्षण’, ‘अवकाशयान’ हे शब्द तिच्यापाशी आहेत. यानाच्या दाराचे आटे गेल्यावर पाळीवरचा माणूस काय पुटपुटेल, ते तिला ठाऊक नाही. पात्रे एकसुरी बोलतात ती या कारणाने. (जाता जाता : मालिकेच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘भटके’ असा आहे, तर आपला ‘ग्रह’ हा पकडणारा. कचरा वेचणाऱ्यास दोन्ही व्युत्पत्ती शोभतात.)

मालिका निर्दोष नाही. उत्तरार्धात दहशतवादी कट आणि प्रेमकथा यांनी कथेचा ताबा घेतला आहे, आणि पूर्वार्धात कमावलेला संयम सुटतो. तरी तिची सामाजिक दृष्टी बोथट होत नाही. गरीब, युद्धग्रस्त देशातील एक कारागीर स्वतः घडविलेला अंतराळपोशाख घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवितो. पोशाख खरा उतरतो, आड येतो तो त्याचा देश. अंतराळाची कमाई कोणाच्या पदरात पडते, हे त्या एका भागात स्वच्छ दिसते.

कचरा वेचणाऱ्याविषयीच्या तुच्छतेचे मूळ मात्र ती अंदाजपत्रकात शोधते. जपानी समाजास बुराकूंच्या जन्मसिद्ध कलंकाचा इतिहास असूनही ती तिकडे वळत नाही. मराठी वाचकास हे मौन जाणवल्यावाचून राहणार नाही, कारण घाण कोणी उचलावयाची हे येथे अंदाजपत्रकाने ठरलेले नाही. नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील रेल्वेकामगार नोकरीच्या गावी खोली शोधतो, तेव्हा त्याचे कौशल्य नव्हे तर त्याची जात हा प्रश्न होतो. रूळ, इंजिन, पगार हे सारे आधुनिक जग त्याच्याभोवती आहे, आणि तरीही. मराठी वास्तववादाने हे साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवले; विज्ञानकथेने ते आपल्या सामग्रीत धरले नाही. अर्ध्या खात्यात नव्याने रुजू होणाऱ्यास आडनाव विचारले जाईल काय, ही शंका जपानी लेखकास सुचली नाही. बागुलांच्या वाचकास ती पहिल्याच भागात सुचते.