‘कोर्ट’ : कलमं पाळली गेली, माणूस मात्र आतच राहिला

मूलभूत हक्कांवर बोलायचं म्हटलं की आपण कलमांपासून सुरुवात करतो. आज मी एका मराठी चित्रपटापासून करणार आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आपल्याकडे त्याचं कौतुक खूप झालं, पण वाचन जरा सोपं झालं असं मला वाटतं. ‘व्यवस्था सडलेली आहे’ एवढंच म्हणून आपण घरी गेलो. चित्रपट यापेक्षा जास्त काही सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नारायण कांबळे हे उतारवयातले लोकशाहीर. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. वस्तीत कार्यक्रम चालू असताना पोलीस त्यांना उचलतात. आरोप काय? तर त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार-कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. म्हणजे आत्महत्येला चिथावणी. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

आता बघा, सरकारी जुलूम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कोठडीतली मारहाण, भ्रष्ट मंत्री, विकला गेलेला न्यायाधीश. इथे यातलं काहीच नाही. पोलिसांनी एक पढवलेला साक्षीदार उभा केला आहे, तेवढं सोडलं तर सगळं रीतसर चालतं. आरोपीला न्यायालयासमोर आणलं जातं, त्याला वकील आहे, तोही मनापासून काम करणारा. कलम २२ मध्ये जे लिहिलं आहे ते बहुतेक सगळं पाळलं जातं. आणि तरीही माणूस महिनोन्‌महिने आत राहतो. माझ्या मते हा चित्रपटाचा खरा मुद्दा आहे. हक्क मोडायला कायदा मोडावाच लागतो असं नाही.

याचं मूळ घटना समितीतल्या एका वादात आहे. कलम २१ आपल्याला जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देतं, पण एका अटीवर. कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीनं ते काढून घेता येतं. अमेरिकी धर्तीचे शब्द ठेवावेत, म्हणजे कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हेही न्यायालयाला तपासता येईल, असं अनेक सदस्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. ही उणीव काही अंशी भरून निघावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये जे कलम आणलं, तेच आजचं कलम २२. पुढे १९५० मध्ये गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम २१ चा अरुंद अर्थ लावला. कायदा आहे ना, पद्धत पाळली ना, मग झालं. तो अर्थ बदलायला १९७८ साल उजाडावं लागलं. मनेका गांधी खटल्यात न्यायालय म्हणालं की पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीही हवी. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी समोर आले, आणि खटला लवकर चालणं हासुद्धा कलम २१ चाच भाग ठरला.

म्हणजे कागदावर १९७९ मध्येच सगळं नीट झालं. ‘कोर्ट’ त्यानंतर पस्तीस वर्षांनी आला. आणि त्यात काय दिसतं? तारीख. पुढची तारीख. एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरणच ऐकत नाहीत. कॅमेरा जागचा हलत नाही, आपणही बाकावर बसल्यासारखे बघत राहतो. काहींना हे कंटाळवाणं वाटलं. पण तो कंटाळा हाच पुरावा आहे. आपल्याला दोन तास सोसवत नाही, ते आरोपी किती काळ सोसतो?

चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मला वाटतो तो मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीचा. ती शांतपणे सांगते : नवऱ्याकडे सुरक्षेचं साहित्य नव्हतं. गटारातल्या वायूनं त्याचा एक डोळा गेला होता. तो आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. बचावाच्या दृष्टीनं ही साक्ष मोलाची आहे. आत्महत्येचा आरोप तिथेच ढासळतो. पण पुढे काय? त्या माणसाला साहित्याविना खाली पाठवलं कुणी, हे कुणीच विचारत नाही. कलम २१ त्यालाही होतंच की! त्याच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं होतं. इथे मात्र ज्याचा जीवनाचा हक्क खरोखर गेला, त्याचा मृत्यू दुसऱ्याला अडकवायला वापरला जातो.

आता माझी तक्रार. चित्रपट वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंबरोबर त्यांच्या घरी स्वयंपाकघरापर्यंत जातो, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. कांबळ्यांबरोबर मात्र तुरुंगात जात नाही. न्यायालयाला आरोपी फक्त तारखेला दिसतो, म्हणून आपल्यालाही तेवढाच दिसतो, असं याचं समर्थन करता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. ‘विलंब’ हा शब्द आतून कसा असतो, हे न कळल्यामुळेच आपण तो इतक्या सहज उच्चारतो. इतकं बारकाईनं बघणाऱ्या दिग्दर्शकानं तिथे डोळे मिटावेत, ही मला उणीव वाटते.

शेवटी कांबळ्यांना जामीन मिळतो, आणि लगेच दुसरी अटक होते. या वेळी यूएपीए. या कायद्याचं कलम ४३-ड (५), जे २००८ मध्ये घातलं गेलं, सांगतं की पोलिसांच्या कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट मोकळी केली. खटला फारच रेंगाळला तर घटनात्मक न्यायालयं अशा आरोपीलाही जामीन देऊ शकतात. चांगला निकाल आहे. पण त्यातली मेख लक्षात घ्या. विलंबावरचा उपाय मिळायला आधी विलंब भोगावा लागतो.

चित्रपटात न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात. न्यायाधीश सहलीला जातात, बाकावर डुलकी घेतात. मुलं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. दुष्ट नाहीत ते. फक्त झोपमोड नको आहे.

तेव्हा एक सुचवतो आणि थांबतो. सत्र न्यायालयाचं दार सर्वसाधारणपणे सगळ्यांना उघडं असतं. एक दिवस जाऊन मागच्या बाकावर बसा. आपलं तिथे काही काम नसतानाच बसा.