‘बहुधा’ या शब्दाची किंमत

मंडळी, आज ला रोशफुको या फ्रेंच लेखकाविषयी बोलू. काळ १६१३ ते १६८०. घराणे सरदारांचे. ‘फ्रोंद’ नावाच्या बंडात हा गृहस्थ राजसत्तेविरुद्ध लढला. १६५२ साली तोंडावर गोळी लागून डोळे जाता जाता वाचले. पुढे पॅरिसला मादाम द साब्ले यांच्या दिवाणखान्यात, मित्रमंडळींत वाक्ये घासूनपुसून त्याने छोटेखानी पुस्तक केले. ‘माक्सिम’, म्हणजे वचने, साल १६६५.

सद्गुणाची साल काढली की आत आत्मप्रेम निघते, असा त्याचा रोख. स्तुती नाकारणाऱ्यातही त्याला स्तुतीची भूक दिसते. आपल्याकडे ‘शाल-श्रीफळ कशाला हो!’ म्हणणारा वक्ता एक डोळा तबकाकडे ठेवून असतोच ना? आम्हीही ठेवला आहे, खोटे कशाला बोला!

पण तत्त्वज्ञानाचे मास्तर म्हणून आमची एक हरकत आहे. प्रत्येक चांगल्या कृतीमागे अहंकारच, असे म्हटले की ते खोडताच येत नाही. शेजारीण रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसली, तरी ‘तिला चांगले म्हणवून घ्यायचे होते’ म्हणायला आपण मोकळे. जे कशानेच खोडता येत नाही, ते सांगत तरी काय असते?

आता पुस्तक पुन्हा उघडू. पहिल्या आवृत्तीत आत्मप्रेमावर एक लांबलचक वचन होते, जवळजवळ सिद्धांतच. १६६६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते त्याने काढून टाकले. शिवाय कितीतरी वचनांत ‘बहुधा’, ‘अनेकदा’ असे शब्द आहेत. कोणाला ही पळवाट वाटेल. आम्हाला उलट वाटते. ‘सगळेच ढोंगी’ म्हटले की आपण गर्दीत सुटतो. ‘बहुधा’ म्हटले की आपली ही कृती त्यात बसते का, हे ज्याचे त्याला तपासावे लागते. शेजारणीलाही न्याय मिळतो, आपल्यालाही.

आणि तपासायचे कोणाला? त्याच्या अनेक वचनांचा कर्ता ‘आपण’ आहे. प्रस्तावनेत मात्र मिश्कीलपणे सुचवले आहे, की वाचकाने स्वतःला खुशाल अपवाद समजावे. वाचक समजतोच.

मागे याच विषयावर बोललो, तेव्हा एक गृहस्थ भेटून म्हणाले, ‘सर, आज आमचे मेहुणे हवे होते ऐकायला!’ आम्ही मनापासून हसलो. घरी जाताना रिक्षात लक्षात आले, की व्याख्यानभर आमच्या डोळ्यांपुढे आमचे एक जुने सहकारीच होते.