प्रबंधाची पूर्तता : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन प्रबंधांच्या आधारे पीएच.डी. व्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना :

पीएच.डी.विषयी महाविद्यालयीन वर्तुळात होणारी चर्चा बहुधा नोंदणी, मार्गदर्शकाची उपलब्धता, कोर्सवर्क आणि मुदतवाढ या बाबींभोवती फिरते. प्रबंध पूर्णत्वास जाण्यासाठी नेमके काय लागते, हा मूलभूत प्रश्न मात्र मागे पडतो. त्याचे ठरावीक उत्तर 'जिद्द' असे दिले जाते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विदेशातील शिक्षणाचा दाखला दिला जातो. हा दाखला यथार्थच आहे; परंतु तो अपुरा वाचला जातो. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' (१९२३) आणि 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' (१९२५) या दोन ग्रंथांची अर्थशास्त्रीय चर्चा पुष्कळ झाली आहे. ते पदवीसाठीचे प्रबंध म्हणून कसे पूर्ण झाले, याची चिकित्सा करणे व तिच्या आधारे आजच्या व्यवस्थेचे मूल्यमापन करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

खंडित अध्ययन आणि संस्थांची भूमिका :

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी संपादन केली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले व तेथे ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अध्ययन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठविलेले त्यांचे ग्रंथसामान ज्या जहाजावर होते ते महायुद्धात बुडविले गेले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचा दाहक अनुभव आला. राहावयास जागाही मिळेना. ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले. त्यातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

या घटनाक्रमात एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अध्ययन पुढे चालू ठेवण्याची परवानगी दिली होती. खंड पडला, परंतु विद्यार्थ्याचे स्थान गेले नाही. कोलंबियातील अध्ययन १९१६ मध्ये संपले असले, तरी प्रबंध मुद्रित स्वरूपात सादर करण्याच्या तेथील नियमामुळे पीएच.डी. पदवी प्रत्यक्षात १९२७ मध्ये मिळाली. ही अकरा वर्षे त्या विद्यापीठाने अपात्रतेची मानली नाहीत. जिद्द आंबेडकरांची होती. पण त्या जिद्दीला परत येण्यासाठी दार उघडे ठेवण्याचे काम संस्थांनी केले. यशाचे सर्व श्रेय केवळ व्यक्तीच्या निर्धाराला दिले, की अपयशाचा सर्व दोषही व्यक्तीच्याच माथी मारता येतो. गौरवपर लेखनातील ही उणीव आजच्या संशोधकाला महाग पडते.

लहान प्रबंधाकडून मोठ्या प्रबंधाकडे :

१९२१ मध्ये लंडन विद्यापीठाच्या एम.एस्सी. पदवीसाठी आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा विषय हाताळला होता. १९२५ च्या ग्रंथाचे उपशीर्षक जवळजवळ तेच आहे. या ग्रंथात प्रांतिक वित्तव्यवस्थेचे तीन टप्पे मांडले आहेत : १८७१ पासून ठोक अनुदानाचा, १८७७ पासून सोपविलेल्या महसुलाचा आणि १८८२ पासून वाटून घेतलेल्या महसुलाचा. शेवटच्या भागात १९१९ च्या कायद्यानंतरच्या व्यवस्थेची चिकित्सा येते. १९१६ मध्येच लेखन थांबले असते, तर हा भाग लिहिलाच जाऊ शकला नसता. म्हणजे मधला काळ निव्वळ वाया गेला नाही. त्याने विषयाला पूर्णता दिली. लहान प्रबंधातून मोठ्या प्रबंधाकडे जाण्याचा हा क्रम संशोधनाच्या शिस्तीचा आहे. साधने कशी तपासावीत, विषय कोठे थांबवावा, हे संशोधक पहिल्या लहान प्रयत्नात शिकतो.

फेरलेखन आणि मतभेद :

ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी सादर झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर कठोर टीका होती. रुपयाचा विनिमयदर स्थिर ठेवण्यापेक्षा त्याची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका होय. सुवर्ण विनिमय परिमाणाचे समर्थन करणाऱ्या केन्स यांच्या मताचा त्यात प्रतिवाद आहे. परीक्षकांनी प्रबंध त्याच स्वरूपात स्वीकारला नाही; फेरलेखन सुचविले. आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईहून सुधारित प्रबंध पाठविला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. फेरलेखनात मूळ निष्कर्ष सोडून दिले गेले नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाला लिहिलेली प्रस्तावना. आपण लेखकाच्या बहुतेक युक्तिवादांशी सहमत नाही, असे कॅनन तेथे स्पष्टपणे नोंदवितात आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाचे मोल मान्य करतात. असहमत मार्गदर्शकाने प्रस्तावना लिहावी आणि ती संशोधकाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी छापावी, हा प्रसंग दोघांच्याही बौद्धिक प्रामाणिकपणाचा निदर्शक आहे. पुण्याशी निगडित असलेले इरावती कर्वे यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. बर्लिन येथे युजेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन करताना त्यांच्या मोजमापांतून मार्गदर्शकाच्या वांशिक गृहीतकाला दुजोरा मिळाला नाही. त्यांनी तो तसा नोंदविलाही नाही. तरीही पदवी मिळाली. पुढे १९३९ पासून डेक्कन महाविद्यालयात त्यांनी केलेल्या कार्यामागे हीच निर्भय शिस्त होती. मार्गदर्शकाच्या मताची पुनरुक्ती करून प्रबंध सादर करता येतो. संशोधक घडतो तो साधनांशी इमान राखून केलेल्या मतभेदातून.

आजचे विनियम : एक मूल्यमापन :

या पार्श्वभूमीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम पाहता काही गोष्टी स्वागतार्ह ठरतात. २०१६ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. २०२२ च्या विनियमांत ती राहिली नाही. या सक्तीने महाविद्यालयीन नियतकालिकांतही घाईने लिहिलेल्या निबंधांची भर पडली, हे मान्य करावयास हवे. महिला संशोधकांना दोन वर्षांची अतिरिक्त सवलत व प्रसूती रजेची तरतूदही योग्य आहे.

परंतु तीन त्रुटी शिल्लक राहतात. पहिली कालमर्यादेची. सहा वर्षे आणि पुनर्नोंदणीनंतर आणखी दोन, अशी ही मर्यादा आहे. आळसाला आळा घालण्यासाठी मर्यादा हवीच. मर्यादा नसेल तर नोंदणी वर्षानुवर्षे अडून राहते आणि नव्या उमेदवाराची जागा जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण ही मर्यादा प्रवेशाच्या दिनांकापासून मोजली जाते. संशोधनासाठी प्रत्यक्ष मिळालेल्या काळाचा विचार तीत नाही. दुसरी त्रुटी म्हणजे एम.फिल.ची समाप्ती. लहान प्रबंधाची पायरी त्यामुळे नाहीशी झाली. काही महिन्यांचे कोर्सवर्क तिची जागा घेऊ शकत नाही. तिसरी त्रुटी अंशकालीन संशोधकाची. त्याला संशोधनास पुरेसा वेळ मिळेल, असे ना-हरकत प्रमाणपत्र नियोक्त्याने द्यावयाचे असते. हा वेळ प्रत्यक्षात दिला गेला की नाही, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही.

धायरीसारख्या उपनगरात ही त्रुटी ठळकपणे जाणवते. सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात महाविद्यालये वाढली. धायरीचा उर्वरित भागही २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आला. तथापि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय गणेशखिंडीत, गोखले संस्थेचे ग्रंथालय डेक्कन जिमखान्याजवळ आणि भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. तासिका, परीक्षेचे काम आणि प्रवेशाची धावपळ आटोपून सिंहगड रस्त्यावरील गर्दीतून अध्यापक ग्रंथालयात पोहोचेपर्यंत वाचनाचा दिवस सरलेला असतो. येथे उणीव जिद्दीची नसते. सलग वेळेची असते. आंबेडकरांनाही १९२० मध्ये प्राध्यापकपद सोडूनच लंडनचे ग्रंथालय गाठावे लागले, हे विसरता कामा नये. प्रत्येक अध्यापकाने नोकरी सोडावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की प्रबंधाच्या पूर्ततेसाठी संशोधकाची चिकाटी ही आवश्यक अट आहे. पुरेशी अट नव्हे. खंड पडल्यावर परत घेणारी संस्था, लहान प्रबंधाचा सराव, मतभेद सोसणारा मार्गदर्शक, फेरलेखनाची तयारी आणि सलग वेळ या गोष्टी तिच्या जोडीला असाव्या लागतात. कालमर्यादेची गणना प्रत्यक्ष रजेशी जोडणे, ना-हरकत प्रमाणपत्रात आठवड्यातील मुक्त दिवसांची नोंद बंधनकारक करणे आणि कोर्सवर्कमध्ये एका लहान प्रबंधिकेचा समावेश करणे, या तीन सुधारणा फारशा खर्चिक नाहीत. आंबेडकरांनी रुपयावरील प्रबंध आईवडिलांच्या स्मृतीस आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव गायकवाड महाराजांस अर्पण केला आहे. एका अर्पणपत्रिकेत कुटुंबाचा त्याग आहे, तर दुसरीत राज्यकर्त्याने पुरविलेले साधन. या दोन्ही ऋणांची नोंद खुद्द प्रबंधकर्त्याने करून ठेवली आहे. आजच्या व्यवस्थेत पहिले ऋण वाढत चालले आहे. दुसऱ्याची जबाबदारी संस्थांनी व शासनाने पुन्हा स्वीकारावयास हवी.